उजनीसाठी छोटी ॲल्युमिनियमची होडी घेताय? दोन बघून ठेवल्यात तर त्यातली कुठली घ्यायची

माझा मेहुणा करमाळ्याच्या बाजूला उजनी धरणाच्या काठावर राहतो, धंदा मासेमारीचा, आणि मी सोलापुरात एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामाला. गेल्या वर्षी त्याला जुनी फायबरची होडी काढून ॲल्युमिनियमची घ्यायची होती. दोन बघून ठेवल्या होत्या, एक १२ फुटी, सपाट तळाची, रिबिट मारलेली (म्हणजे पत्रे खिळ्यांनी ठोकून जोडलेली), हलकी, आणि दुसरी १४ फुटी, व्ही तळाची, वेल्डिंगची, पैशाने बरीच जास्त. दाजी तुम्ही पत्र्यातला माणूस, तुम्हीच सांगा म्हणाला. मी पत्र्याबद्दल लगेच सांगितलं पण पाण्याबद्दल मला त्याच्याकडून शिकावं लागलं, तर दोघांचं मिळून जे कळलं ते इथे लिहितोय, कारण तिकडच्या बऱ्याच पोरांचं होडी बदलायचं चाललंय आणि सगळे फक्त किंमत न् वजन विचारतात.

पहिलं म्हणजे रिकामी होडी बघून सौदा करू नका. रिकामी होडी कुठलीही झकास तरंगते. तिच्यात तुमचा रोजचा माल भरायचा, म्हणजे दोन माणसं, भिजलेलं जाळं, दोन क्रेट (मासे नसतील तर पाण्याचे कॅन ठेवा), इंजिन, पेट्रोल, नांगर, सगळं. मग पाण्यापासून होडीची कड किती वर राहते ते मोजायचं, आणि मोजायचं मधे नाही तर मागे, जिथं इंजिन बसतं आणि चालवणारा माणूस बसतो, कारण पाणी तिथूनच आत येतं.

हिशोब सोपा आहे. सपाट तळ ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद धरला तर दर ३० किलोला होडी १ सेंटीमीटर खाली बसते. दोन माणसं १४० किलो, जाळं ४०, मासे ६०, इंजिन पेट्रोल ४०, होडी स्वतः ६०, झाले ३४०, म्हणजे सव्वाअकरा सेंटीमीटर. ऐकायला काहीच नाही वाटत. पण हा हिशोब वजन सगळीकडे सारखं पसरलं तर. आम्ही १२ फुटी होडी मालकाला विनंती करून काठालाच कंबरभर पाण्यात सोडली, सगळा माल भरला, मेहुणा मागं जाऊन बसला आणि मी मागच्या कडेला हात लावून मोजलं तर जेमतेम एक वीत भरली. त्यातच शेजारून एक इंजिनवाली होडी गेली, तिची लाट आली आणि मागच्या फळीवरून तांब्याभर पाणी आत. तेवढ्यात मेहुण्याचा चेहरा बदलला. १४ फुटीला तोच माल भरला तर मागे दोन वितीला चार बोटं कमी एवढी कड राहिली.

आता ही वीतभर कड कुणाला पुरते आणि कुणाला नाही, ते तुम्ही कुठं होडी घालता त्यावर आहे. उजनी म्हणजे काही तळं नाही, ११७ टीएमसीचं धरण आहे, भीमेचं पात्र फुगून मैलोन् मैल पसरलंय, काही ठिकाणी पलीकडचा काठ नीट दिसत नाही. सकाळी पाणी आरशासारखं असतं आणि एप्रिल मे मध्ये दुपारी चारनंतर वळवाचं आभाळ आलं की दहा मिनिटात लाटा उठतात. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. त्या पाण्यावर रोज पोट असणाऱ्या माणसांना हे मी सांगायची गरज नाही, पण होडी घेताना मात्र ते सगळे विसरतात आणि सकाळच्या शांत पाण्यात चक्कर मारून पैसे मोजून मोकळे होतात.

सपाट तळाची होडी उभं राहायला एक नंबर. एका बाजूला वाकून जाळं ओढलं तरी लवकर कलत नाही, घोटाभर नाहीतर वीतभर पाण्यात पण जाते, चिखलात रुतली तर दोघं मिळून ओढून काढता येते. ओढ्याच्या तोंडाशी, बॅकवॉटरच्या अरुंद फाट्यात चिलापीची जाळी टाकणाऱ्याला तीच बरी, त्याने उगाच व्ही तळावर पैसे घालू नयेत. पण लाटेत ती थाप थाप आपटते, पाणी अंगावर उडतं, आणि हलकी असल्यामुळं वारा तिला कागदासारखी ढकलत नेतो, वल्ह्यावर असाल तर हात दुखून येतात. व्ही तळाची लाट कापत जाते, कोरडी राहते, फक्त तुम्ही कडेला सरकला की सुरुवातीला पटकन कलते, ती सवय व्हायला आठ पंधरा दिवस लागतात, आणि तिला पाणी जास्त लागतं. मोठं पात्र ओलांडून जाणारा, रात्री जाळं टाकून पहाटे परतणारा, त्याने माझ्या मते दुसरा विचारच करू नये.

अजून एक, उजनी उन्हाळ्यात मायनसमध्ये जाते. मृतसाठाच (दरवाज्यातून सोडता न येणारं तळाचं पाणी) ६३ टीएमसीचा, त्याच्याही खाली पाणी गेलं की जुन्या गावांच्या भिंती, विहिरींची कठडी, बाभळीची खोडं वर यायला लागतात, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं ते तर सगळ्यांनी बघितलंय. जे वर दिसतं त्याचं भ्या नाही, जे पाण्याखाली हातभर आहे ते तळाला लागतं. म्हणून पत्र्याची जाडी विचारू नका, मोजा. कडेला व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावा, तळाला जिथं पाणी काढायचं बूच असतं त्या भोकात मोजता येतं. १.६ एमएमच्या पत्र्याला दगड लागला की पोचा पडतो, फाटत नाही शक्यतो पण रिबिट ढिल्या होतात. ३ एमएमचा वेल्डेड तळ तेवढ्या ठोक्याला नुसता खरचटतो. आणि नुसतं मरीन ग्रेड आहे ओ साहेब यावर जाऊ नका, ५०५२ किंवा ५०८३ हा ॲल्युमिनियमच्या जातीचा आकडा बिलावर लिहून घ्या. भांड्याचा मऊ पत्रा वापरून केलेली होडी दिसायला तशीच चकचकीत असते, पहिल्या उन्हाळ्यात पोचे पडून कळतं.

रिबिट वाईट आणि वेल्डिंग चांगलं असं मात्र नाही. रिबिटची होडी झिरपायला लागली तर ती रिबिट पुन्हा ठोकता येते, मधे सीलंट भरता येतं, गावातला हुशार माणूसही करतो. वेल्डिंगला चीर गेली तर आर्गन गॅसवालं वेल्डिंगच (टिग किंवा मिग) लागतं, गेट ग्रिलवाल्याकडं साध्या रॉडनं करायला गेलात तर पत्र्याला भोक पडणार. त्यासाठी होडी टेम्पोत घालून टेंभुर्णीला नाहीतर सोलापूरला आणायची तयारी ठेवा. वेल्डिंग बघताना टाका सलग, माशाच्या खवल्यासारखा एकावर एक बसलेला पाहिजे, मधेच काळे ठिपके किंवा टोकाला खड्डा दिसला तर तिथूनच पुढं चीर जाते. जुनी होडी असेल तर दोन स्टुलांवर ठेवा, आत चार बादल्या पाणी ओता, खाली पेपर अंथरा आणि चहा पिऊन या. कुठल्या रिबिटखाली ओला डाग पडलाय ते पेपरच सांगतो, खडूने गोल करून ठेवा. पाचसहा डाग चालतात, भाव करता येतो, पण अख्खी ओळच ओली असेल तर सोडून द्या.

आता माझ्या कामातली गोष्ट, जिच्याकडं कुणी बघत नाही. नटबोल्ट. आम्ही बघितलेल्या १२ फुटीला वल्ह्याच्या कड्या साध्या लोखंडी बोल्टनं बसवल्या होत्या. बोल्टच्या भोवती पांढरी भुकटी होती, चिमटीत धरली तर पिठूळ. ती खरवडली तर खाली पत्रा खाल्लेला, माझं अंगठ्याचं नख आत जाईल एवढा खड्डा. ॲल्युमिनियमला लोखंड, तांबं, पितळ ओल्यात चिकटून राहिलं की ॲल्युमिनियमच झिजतं, दुसऱ्याला काही होत नाही. उजनीत तर पुण्याकडचं सांडपाणी येतं, त्या पाण्यात हे अजून लवकर होणार. म्हणून बोल्ट स्टेनलेसचे, त्यातही ३१६ ग्रेडचे मिळाले तर उत्तम, आणि मधे नायलॉनचा वॉशर. जाळ्याची शिशाची वजनं तळाच्या ओल्यात महिनोन् महिने पडू देऊ नका, एखादं तांब्याचं नाणं किंवा वायरचा तुकडा पडला असेल तर उचला. चिखल पण धुवून काढा, ओल्या चिखलाखाली पत्रा गुपचूप कुरतडला जातो. तांबं असलेला रंग चुकूनही लावू नका.

इंजिन आधीच असेल तर ते डोक्यात ठेवून होडी घ्या. इंजिन अडकवायच्या मागच्या फळीची उंची १५ इंच असेल तर छोट्या शाफ्टचं (पंख्यापर्यंत जाणारा दांडा आखूड असलेलं) इंजिन, २० इंच असेल तर मोठ्या शाफ्टचं. उलटं झालं तर पंखा एकतर हवा खातो नाहीतर खडकाला लागतो. मेहुण्याचं इंजिन छोट्या शाफ्टचं होतं आणि १४ फुटीची फळी २० इंचाची, त्याचा खर्च आम्ही सौद्यात धरला. माणसं किती बसवायची याचा अमेरिकेत एक हिशोब चालतो, लांबी फुटात गुणिले रुंदी फुटात भागिले १५. म्हणजे १२ बाय ४ ची होडी, तीन माणसं. तेही शांत पाण्यात आणि माल नसताना, आपण माशांचे क्रेट पण माणसातच मोजायचे.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. फायबर असो की ॲल्युमिनियम, होडीत बंद हवा किंवा फोम नसेल तर पाणी भरल्यावर ती बुडते. विकणाऱ्याला विचारा सीटखाली फोम आहे का, आहे म्हणाला तर उघडून दाखव म्हणा, जुन्या फोमनं पाणी पिलेलं असतं, दाबलं की कळतं. नसेल तर स्वतः करा. १३० किलोची ॲल्युमिनियमची होडी पाण्याखाली साधारण ८२ किलो भरते, झाकण घट्ट बंद केलेला २० लिटरचा रिकामा कॅन सुमारे १९ किलो उचलतो, म्हणजे होडीला पाच आणि इंजिनसाठी अजून दोन. ते तळाला बांधायचे नाहीत, दोन्ही बाजूला सीटखाली जेवढे वर जातील तेवढे वर, नाहीतर होडी उलटी होऊन तरंगेल आणि धरायला काही राहणार नाही. त्यानं माणूस वाचतो ते होडीला धरून राहता आलं म्हणून, अंगावर लाईफ जॅकेट हवंच, घडी करून सीटखाली ठेवलेलं नाही.

बाकी किरकोळ. मे महिन्यात ४३ डिग्रीत पत्रा तापतो, अनवाणी पाय टेकवत नाही, आत काथ्याची चटई टाका, त्यानं खडखडाट पण कमी होतो आणि उथळ पाण्यातले मासे बिचकत नाहीत. १४ फुटी छोट्या टेम्पोत मागं बरीच बाहेर येते, लाल फडकं बांधा.

मेहुण्यानं शेवटी १४ फुटी घेतली, कारण त्याचं जाळं पात्राच्या मध्यावर असतं आणि संध्याकाळी एकटाच परततो. त्याच्या चुलतभावानं तीच १२ फुटी घेतली, बोल्ट बदलून, खड्ड्यावर आमच्याकडून पट्टी टिग करून, तो फाट्यातच असतो आणि सरळ सांगतो की मधे जात नाही. दोघांच्याही होडीत मी बुचाला दोरी बांधून दिलीय आणि एक जास्तीचं बूच सीटखाली टेपनं चिकटवलंय, पाण्यात ढकलायच्या आधी बूच बसलंय का ते हात घालून बघायचं.