दोन लढवय्या बायकांच्या प्रेमाची अद्भुत महाकथा कशी लिहाल?

आशियाई धर्तीची अद्भुतकथा लिहायची म्हटलं की आपला हात आपसूक बांबूच्या बनाकडे आणि धुक्यातल्या मठाकडे वळतो. ते ज्यांनी जन्मभर पाहिलंय त्यांनी लिहावं. सोलापूरही आशियातच आहे. तेव्हा पहिलं काम हे करा: वही घ्या, भुईकोट किल्ल्यात जा आणि तासभर तटाजवळ बसून राहा.

हा किल्ला डोंगरावर नाही. सह्याद्रीतल्या गडाला त्याची उंची राखते. याला राखतो दुहेरी तट, खंदक आणि एका अंगाचा सिद्धेश्वर तलाव. म्हणजे इथली लढाई पाण्याची. कथेचा नकाशा याच प्रश्नावरून काढा: पाणी कुणाच्या हातात आहे? समजा, एक जण आतून तलावाचा बांध राखते आणि दुसरी वेढा घालणाऱ्या फौजेत तोच बांध फोडायच्या कामावर आहे. लढाई, ओढ आणि फितुरीचा संशय एकाच जागी येतात, कथानक ओढूनताणून जुळवावं लागत नाही.

मग थोडं वाचन. हुसेन निजामशाहाने मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली, तेव्हा तिच्यासोबत सोलापूरचा किल्ला आंदण दिला. तीच चांदबिबी १५९५ साली मुघलांच्या वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढवत होती. व्हिएतनाममध्ये इ.स. ४० मध्ये ट्रुंग भगिनींनी हान साम्राज्याविरुद्ध उठाव केला. जपानमध्ये सामुराई घराण्यांतल्या मुली नागिनाता, म्हणजे लांब दांड्याचं पातं, चालवायला शिकत. ही माणसं उचलून कथेत आणू नका. बाई शस्त्र धरते हे सिद्ध करण्यात पानं घालवायची गरज नाही, एवढं त्यांच्याकडून घ्या.

आता शस्त्रं निवडा, आणि इथे घाई करू नका, कारण प्रेम इथेच लिहिलं जाणार आहे. एकीला दांडपट्टा द्या. त्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबणीत असते. मनगट वळत नाही, सगळा फेर कोपरातून आणि खांद्यातून येतो. पट्टा चढवलेल्या हाताने गाठ सोडता येत नाही, कुणाच्या गालाला हात लावता येत नाही. म्हणून तो उतरवण्याचा प्रसंग सावकाश लिहा. वेढ्यातली रात्र, घामाने आतलं अस्तर कातडीला चिकटलेलं. दुसरी बंद सोडते, ओल्या फडक्याने हात पुसते. तळव्यावर मुठीचा लाल वळ उठलाय. त्यावरून अंगठा फिरवत ती विचारते, “दुखतंय का तुला?” आतापर्यंत ती ‘तुम्ही’ म्हणत आलेली असते. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी होतं, हे हेरून ठेवा. मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात हे फार मोठं हत्यार आहे.

अडथळा कुठला ठेवायचा? दोघी बायका आहेत म्हणून जग आडवं येतं, हीच एक वाट धरू नका. शपथ, मीठ, राखायचं पाणी आड येऊ द्या. लग्नाची वाट आपल्याकडेच आहे: खांडा पद्धतीत नवरदेव येऊ शकला नाही तर त्याच्या तलवारीशी लग्न लागे. सोलापुरात दर संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांचा योगदंड आणि कुंभारकन्या यांच्या विवाहाच्या अक्षता पडतात. वस्तूशी लग्न लागतं, हे इथल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या राज्यातल्या कायद्यात तलवार कुणाची हवी हे लिहिलेलंच नसेल, तर दोघी एकमेकींच्या शस्त्राशी लग्न लावू शकतात. मला ही कल्पना फार आवडते. यातला कुंभारकन्येचा आधार श्रद्धेचा आहे, तो आदराने घ्या.

जादूला किंमत हवी. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. त्याच्या शेवटी वाचणारा विजयी होईल असा आशीर्वाद आहे. जादूचा नियम तिथून घ्या: शिळा मोठ्याने वाचणारीला विजय मिळतो, पण दर विजयामागे तिच्या आठवणीतला एक शब्द पुसला जातो. मैत्रिणीचं नाव कितव्या विजयापर्यंत टिकतं, यावर पुढची शंभर पानं चालतील.

शिधा विसरू नका. कडक भाकरी बरेच दिवस टिकते, मोहिमेला ती चालेल. शेंगाचटणी मात्र तपासून वाढा: भुईमूग आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून आली, पोर्तुगीज आल्यानंतर. त्याआधीच्या काळाची कथा असेल तर तीळ, जवस आणि मिरी वापरा.

शेवट करताना एकीला मारू नका. अशा जोड्यांचं मरण वाचकांनी पुष्कळ सोसलंय. हानी खरी असू द्या: बांध फुटलेला, किल्ला गेलेला, पट्ट्याचा हात कायमचा अधू. शेवटच्या पानावर तलावाच्या कोरड्या गाळात दोघी बसल्यात. एकीला दुसरीचं नाव आठवत नाही. दुसरी भाकरी मोडते, तिच्या डाव्या हातात तुकडा ठेवते आणि आपलं नाव सांगते, पहिल्यांदा भेटल्यासारखं. लेखणी तिथेच ठेवा.