महासाथीच्या काळात अन्न उत्पादकांची बाजू मांडताना

अन्न उत्पादकांच्या संघटनेत धोरणविषयक कामासाठी मी रुजू झाले, तेव्हा निवेदने लिहिणे आणि बैठकांना हजर राहणे एवढेच या कामाचे स्वरूप असावे, अशी माझी समजूत होती. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ला महासाथ म्हटले आणि ती समजूत आठवडाभरही टिकली नाही.

आमच्या पहिल्या निवेदनात खाद्यप्रक्रिया उद्योगाला अत्यावश्यक सेवेत धरावे, एवढीच मागणी होती आणि ती मान्यही झाली. मात्र खोकी, झाकणे व लेबले पुरवणारे, यंत्रांचे सुटे भाग बनवणारे आणि शीतगृहांची दुरुस्ती करणारे यांचा आदेशात उल्लेख नव्हता. त्यामुळे कारखाना चालवण्याची परवानगी हातात असूनही काही सदस्यांना माल भरायला डबे मिळेनात. ही चूक आदेश काढणाऱ्यांपेक्षा आमची अधिक होती, कारण साखळीतला प्रत्येक दुवा नावानिशी लिहून देणे हे आमचेच काम होते. नवख्यांनी मसुदा करण्यापूर्वी खरेदी विभागातल्या माणसाशी बोलावे; अशा बाबतीत संचालकांपेक्षा त्याला अधिक ठाऊक असते.

सर्वाधिक वेळ गेला तो गोदामे भरलेली असताना दुकाने रिकामी कशी, हे समजावण्यात. उपाहारगृहांसाठी मोठ्या पिशव्यांत भरलेला माल घरगुती ग्राहकाला तसाच विकता येत नाही. त्याला लहान वेष्टण, वेगळे यंत्र आणि पूर्ण माहितीचे लेबल लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये अशा मालावरील पोषणविषयक तक्त्याची अट तात्पुरती शिथिल केली, पण घटक आणि ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती देण्याची अट कायम ठेवली. सवलत मागताना काय सोडायचे नाही, हेही त्याच कागदावर लिहावे, हे मी त्यावरून शिकले.

सदस्याची प्रत्येक मागणी पुढे न्यायची नसते. कामगारांमधील अंतराची अट उत्पादन घटवते, म्हणून ती वगळावी, असा आग्रह आमच्याकडेही झाला. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी एप्रिल २०२० मध्ये खाद्य व्यवसायांसाठी दिलेल्या संयुक्त मार्गदर्शनात अंतर राखण्यावरच भर होता. शिवाय अनेक देशांतील मांसप्रक्रिया कारखान्यांत पुढे साथ पसरली. ती मागणी आम्ही मांडली नाही आणि दोन सदस्य बराच काळ रुसून राहिले.


सवलतींच्या मुदती मात्र पहिल्या दिवसापासून नोंदवून ठेवाव्यात, कारण मुदत संपते तेव्हा लहान उत्पादकाकडे जुनी लेबले शिल्लक असतात आणि ती वापरून संपवण्यासाठी वाढीव अवधी वेळेआधीच मागावा लागतो.