ट्रॅफिकचं चलान मान्य नाही? मग भरायच्या आधी हे करा

मोबाईलवर मेसेज येतो, अमुक गाडीवर तमुक रुपयांचं ई-चलान झालंय. बरेचजण "जाऊ दे, कोण डोक्याला ताप करून घेणार" म्हणून भरून टाकतात, काहीजण मेसेजच डिलीट करतात आणि मग गाडी विकायच्या वेळी सगळी थकबाकी एकदम समोर उभी राहते. चलान खरं असेल तर भरा, त्यात बोलण्यासारखं काही नाही. पण फोटोतली गाडी तुमची नसेल, तुम्ही त्या गावाला गेलाच नसाल किंवा नो पार्किंगचा बोर्डच तिथे नव्हता असं असेल, तर ते नाकारता येतं आणि त्यासाठी वशिला लागत नाही. लागतात फोटो आणि तारखा. हे सगळं महाराष्ट्रातल्या चलानांबद्दल लिहितोय, गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात चलान झालं तर मोटार वाहन कायदा तोच आहे, पण पोर्टल आणि दंडाचे आकडे वेगळे.

आधी मेसेज खरा आहे का ते बघा

व्हॉट्सअ‍ॅपवर "आरटीओ चलान" अशा नावाची एपीके फाइल येते, ती इन्स्टॉल केली की मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यात आणि बँकेचं खातं साफ. पोलीस एपीके पाठवत नाहीत. मेसेजमधल्या लिंकवर जाऊच नका, महाट्रॅफिकची सरकारी साइट किंवा अ‍ॅप स्वतः उघडा, गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाका, चलान खरं असेल तर तिथे दिसेल.

फोटो झूम करा, घाई करू नका

सगळी केस इथेच आहे. चलानला फोटो जोडलेला असतो तो डाउनलोड करा आणि मोठा करून बघा. नंबर प्लेटवरचा ३ आणि ८, शून्य आणि डी, बी आणि ८ यांची गल्लत कॅमेऱ्याकडूनही होते आणि हाताने नंबर टाइप करणाऱ्याकडूनही होते. तुमची पांढरी अ‍ॅक्टिव्हा आणि फोटोत काळी पल्सर असेल तर विषय संपला, पण इतकं सोपं नेहमी नसतं. तोच मॉडेल तोच रंग असेल तर बारीक खुणा बघा, मागच्या काचेवरचा स्टिकर, बंपरवरचा पोचा, कॅरिअर, आरशाची बाजू, प्लेट हाय सिक्युरिटी आहे की गल्लीतून रंगवून घेतलेली आहे. कुणी तुमच्या नंबरची डुप्लिकेट प्लेट लावून फिरत असेल तर ते इथेच कळतं, आणि तसं असेल तर चलानचं राहू दे, आधी पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या, कारण उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर दार तुमचंच वाजणार आहे.

मग तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम बघा. एकाच सिग्नलला पाच मिनिटांच्या अंतराने त्याच गुन्ह्याची दोन चलानं झाली असतील तर ती दोन्ही प्रिंट काढून ठेवा. नो पार्किंगचं असेल तर त्याच दिवशी, जमलंच तर लगेच, तिथे जाऊन बोर्ड आहे का, झाडाआड आहे का, सम-विषम तारखेचा आहे का याचा व्हिडिओ काढा ज्यात आजूबाजूची दुकानं दिसली पाहिजेत. महिन्याभराने गेलात तर तिथे नवा कोरा बोर्ड दिसेल आणि तुमचं कोण ऐकणार.

गाडी विकून झाली पण आरसी तुमच्याच नावावर आहे, हे तर सर्रास. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली की विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० (विक्री कळवायचा आणि नाव बदलायचा) यांच्या कॉपी, डिलिव्हरी नोट, पैसे मिळाल्याचं बँक स्टेटमेंट काढा. गाडी मेहुण्याने नेली होती तर मात्र वेगळं, कलम १३३ खाली पोलिसांनी विचारलं तर कोण चालवत होतं हे मालकाला सांगावं लागतं, मग घरात काय व्हायचं ते होवो.

भरलं की संपलं

चलानचे पैसे म्हणजे कलम २०० खालचं तडजोड शुल्क, ते भरलं की प्रकरण मिटलं असं धरतात. "आधी भरतो आणि मग भांडतो" हे चालत नाही. त्यामुळे हरकत घ्यायची असेल तर पे बटणाला हात लावायचा नाही.

भांडायचं की नाही, याचा हिशोब

खरं सांगायचं तर सीटबेल्टच्या २०० रुपयांसाठी कोर्टाच्या तारखा करणं परवडत नाही, एका दिवसाची रजाच जास्त महाग पडते. शिवाय धोकाही आहे. तडजोडीची रक्कम राज्याने डिसेंबर २०२१ मध्ये ठरवली ती बऱ्याच गुन्ह्यांत मूळ कायद्यातल्या दंडापेक्षा कमी आहे, आणि कोर्टात दोषी ठरलात तर कोर्ट मूळ कायद्याप्रमाणे जातं. हेल्मेटचंच घ्या, चलान ५०० चं, पण कलम १९४ड मध्ये १००० रुपये आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र असं लिहिलंय. म्हणून नुसत्या रागावर कोर्टात जाऊ नका.

पण गाडीच चुकीची आहे, किंवा कलम १८४ म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग लावलंय, किंवा टॅक्सी-ट्रक चालवून पोट भरताय आणि लायसन्सवर टाच येतेय, तिथे रक्कम किती आहे ते बघत बसू नका, लढा. १८४ मध्ये कैदेचीही तरतूद आहे, ते पाचशेच्या पावतीसारखं समजू नका. दारू पिऊन गाडी चालवल्याचं १८५ तर जागेवर मिटतच नाही, कोर्टातच जावं लागतं, आणि तिथे ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या स्लिपवरचा आकडा, वेळ आणि मशीनचा तपशील यावर सगळं अवलंबून असतं (मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ). १८५ मध्ये पहिल्या दिवसापासून वकील लावा, यूट्यूब बघून उभं राहू नका.

आधी ऑनलाइन तक्रार

कोर्टाच्या आधी महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार टाकायची सोय आहे. हरकतीची मुदत दिलेली असेल तर ती पहिल्यांदा बघा, मुदत गेल्यावर सगळंच अवघड होतं. तक्रारीत कहाणी नको. हे असं पुरे: "चलान क्रमांक अमुक. फोटोतील वाहन काळी मोटरसायकल आहे. माझे वाहन पांढरी स्कूटर आहे, आरसी आणि वाहनाचे चारही बाजूंचे फोटो जोडले आहेत. सदर वेळी वाहन नाशिक येथे सर्व्हिस सेंटरमध्ये होते, जॉबकार्ड जोडले आहे. चलान रद्द करावे." बस. पोलिसांनी कशी वागणूक दिली, तुमचे कोण ओळखीचे आहेत, टॅक्स आपणच भरतो, यातलं काहीही लिहू नका. तक्रारीचा नंबर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि उत्तर आलं नाही तर तेच सगळं छापून वाहतूक शाखेत नेऊन द्या आणि कॉपीवर सही-शिक्का घ्या. चुकीच्या गाडीचं प्रकरण इथेच मिटलं पाहिजे.

कॅमेऱ्याचं चलान असेल, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर लागतात तसलं, तर केंद्रीय मोटार वाहन नियमातला १६७अ वाचून जा. २०२१ मध्ये आला. त्यात म्हटलंय की स्पीड कॅमेऱ्यासारख्या यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करायला हवं, कॅमेऱ्याची नजर असलेल्या पट्ट्याच्या आधी तसा फलक हवा आणि गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस निघायला हवी. या तीन गोष्टी तक्रारीतच विचारा. हवालदाराने स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढला असेल तर तेही लिहा, खासगी मोबाईलने फोटो काढू नका अशी सूचना २०२५ मध्ये वरिष्ठांकडूनच गेली होती. त्याने चलान आपोआप रद्द होतं असं नाही हं, पण मुद्दा आहे.

लोक अदालत, व्हर्च्युअल कोर्ट, समन्स

या तिन्हींची लोक खिचडी करतात. लोक अदालतीची नोटीस म्हणजे समन्स नव्हे, तिथे फक्त तडजोड होते आणि झालेल्या निवाड्यावर अपील नाही. गुन्हा झालाय पण रक्कम जड जातेय त्याने तिथे जावं, चलानच खोटं आहे त्याने नाही. "यंदा सगळ्यांना अर्धा दंड माफ" असले फॉरवर्ड तर दर लोक अदालतीच्या आधी फिरतात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

चलान व्हर्च्युअल कोर्टात म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात गेलं असेल तर ई-कोर्टच्या व्हर्च्युअल कोर्ट साइटवर चलान नंबर टाकल्यावर दोन पर्याय येतात, दंड भरायचा किंवा केस लढवायची. लढवायची निवडलं की केस तुमच्या हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टाकडे जाते.

आणि खरं समन्स आलं तर मात्र टाळू नका, गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं आणि पाचशे रुपयांच्या मॅटरमध्ये पोलीस दारात येणं शोभत नाही. समन्सवर एससीसी (समरी क्रिमिनल केस) नंबर असतो, तो ई-कोर्ट अ‍ॅपवर टाका, केस कोर्टात कधी दाखल झाली ती तारीख दिसेल. ती लिहून ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे त्याची दखल सहा महिन्यांत घ्यायची असते आणि एक वर्षापर्यंत कैद असेल तर वर्षभरात. मोजायचं ते गुन्ह्यापासून केस दाखल होईपर्यंत, समन्स हातात पडेपर्यंत नाही. मुदत उलटून गेली असेल तर तसा अर्ज द्या. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, पण त्याला कारण लागतं.

कोर्टाच्या दिवशी

सकाळी अकराच्या आधी पोचा. कोर्टरूमबाहेर बोर्ड लावलेला असतो त्यात आपला नंबर शोधा आणि मग हलू नका, कारण चहाला गेलात नेमकं तेव्हाच शिपाई पुकारा करतो. मोबाईल सायलेंट नाही, बंद. कोर्टाबाहेर "साहेबांशी बोलतो, एवढे द्या" म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे चला. छोट्या केससाठी स्वतः उभं राहता येतं, वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, महिलांना तिथे उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो.

आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का. इथे लोक गडबडतात आणि "साहेब चूक झाली पण..." असं सुरू करतात. ते "पण" कुणी लिहून घेत नाही, कबुली तेवढी लिहिली जाते, आणि एकदा कबुली दिली की अपिलातही फक्त शिक्षा जास्त झाली किंवा कायद्याला धरून नाही एवढंच म्हणता येतं. लढायला आला असाल तर दोनच शब्द, कबूल नाही. पुढची तारीख पडते. पोलिसांकडचे फोटो, कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं) प्रमाणपत्र यांच्या प्रती मिळाव्यात असा अर्ज त्याच दिवशी द्या. हे ६३ चं प्रमाणपत्र महत्त्वाचं, त्याशिवाय कॅमेऱ्यातल्या फोटोची प्रिंट पुरावा म्हणून टिकणं अवघड. दर तारखेला येणं शक्य नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२८ खाली वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज करता येतो.

साक्षीला हवालदार आला की उलटतपासात वाद घालायचा नाही, छोटे प्रश्न विचारायचे. फोटो कुणी काढला? तुम्ही स्वतः गाडी बघितली का? बोर्ड सिग्नलपासून किती अंतरावर आहे? हा फोटो बघा, यात बोर्ड दिसतो का? ज्याचं उत्तर काय येणार ते माहीत नाही तो प्रश्न विचारू नका, आणि "तुम्ही खोटं बोलताय" तर अजिबात नको. हवालदाराला त्या दिवशीची तुमची गाडी आठवत नसतेच, तो कागद बघूनच बोलतो, म्हणून कागदातली विसंगती दाखवा, तारीख, वेळ, रंग, ठिकाण.

निकाल तुमच्या बाजूने लागला की घरी पळू नका, नक्कल विभागात अर्ज करून निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा आणि ती वाहतूक शाखेत देऊन पोच घ्या, कारण कोर्टात सुटलेलं चलान पोर्टलवर तसंच बाकी दिसत राहू शकतं. विरोधात लागला तर दंड भरून पावती घ्या किंवा सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करा, आणि लायसन्स जमा करायला सांगितलं असेल तर कोणत्या तारखेला परत मिळणार ते तिथेच लिहून घ्या.