तळातलं पाणी खारं की गोडं? मरीनात बोटीवर राहायला शिकताना

बोटीवर राहणं कसं असतं असं कोणी विचारलं की मी सांगते, घरासारखंच, फक्त घर हलतं आणि घराच्या बुडाला भोकं असतात. थट्टा नाही, खरंच असतात. इंजिन गार ठेवायला पाणी आत घेणारं एक, टॉयलेटची एखाद-दोन, सिंकचं पाणी बाहेर सोडणारं एक, अशी पाच-सहा सहज निघतात आणि पाण्याखालच्या भोकांवर व्हॉल्व असतो त्याला सीकॉक म्हणतात. तर राहायला आलात की पहिल्या दिवशी पडदे-बिडदे राहू द्या, टॉर्च घ्या, पायाखालच्या फळ्या उचला आणि प्रत्येक सीकॉक कुठाय ते कागदावर बोटीचं वेडंवाकडं चित्र काढून त्यात मांडा. हाताने फिरवून बघा बंद होतो का, महिन्यातून एकदा तरी फिरवत राहा नाहीतर गरज पडेल तेव्हा नेमका अडकलेला असतो. आणि प्रत्येकाशेजारी त्या मापाचं मऊ लाकडाचं निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवा, पाईप सुटला तर ते ठोकून बसवता येतं, शोधत बसायला तेव्हा वेळ नसतो.

अरे हो, याच्याही आधी एक. मरीनाच्या, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदराच्या, ऑफिसात स्पष्ट विचारा की कायमचं राहिलेलं चालतं का. बोट ठेवायला जागा देणं वेगळं आणि तिच्यावर राहू देणं वेगळं, बऱ्याच मरीनात वर्षातून किती रात्री झोपायचं यावर मर्यादा असते. विमावाल्यांनाही सांगा की आम्ही बोटीवर राहतो, लपवलंत आणि पुढे क्लेम करायची वेळ आली तर वाद घालत बसाल.

आता रोजचं काम. सकाळी चहा-कॉफी काय असेल ते ठेवायच्या आधी बिल्ज बघायचं, म्हणजे बोटीचा सगळ्यात खालचा तळ जिथे सगळं पाणी जमतं. काल कोरडा होता आणि आज पाणी आहे तर ते कुठून आलं हे ओळखायची सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे बोट बुडवून (हाताचं!) जिभेला लावायचं. आधी वास घ्या, डिझेलचा किंवा तेलाचा तवंग असेल तर हे धंदे करू नका. खारं लागलं तर समुद्र आत येतोय, मग सीकॉक, त्यांचे पाईप आणि पाण्यात फिरून बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो ती जागा बघा. गोडं लागलं तर तुमची टाकी किंवा तिचा एखादा जॉइंट गळतोय, नाहीतर वरून पाऊस झिरपतोय, त्रास आहे पण बोट बुडत नाही. मरीना नदीत किंवा तळ्यात असेल तर ही युक्ती बादच. दांड्याची जागा जुन्या पद्धतीची, दोऱ्याचं पॅकिंग असलेली असेल तर दांडा फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडणं ठीक, इंजिन बंद असताना धार लागली असेल तर ठीक नाही. बिल्जमधलं पाणी आपोआप बाहेर फेकणारा पंप असतो, त्याचा तरंगता स्विच आठवड्यातून एकदा हाताने उचलून बघा, पंप घरघरला पाहिजे. पंप आपोआप चालतोय म्हणून निर्धास्त राहणारे लोक मी बघितलेत, पंप पाणी फेकत राहतो, बॅटरी संपते, आणि मग पंपही नाही.

विजेचं जरा नीट ऐका. धक्क्यावर जो खांब असतो त्यातून वायर ओढून बोटीला वीज मिळते. जोडताना बोटीवरचा मेन स्विच बंद, आधी वायरचं टोक बोटीला लावायचं, मग खांबाला. काढताना उलट, आधी खांबाकडून. म्हणजे जिवंत टोक हातात घेऊन पाण्यावर उभं राहायची वेळ येत नाही. वायर वेटोळं करून टाकू नका, पूर्ण सोडून पसरा, वेटोळ्यात ती तापते आणि हिवाळ्यात हीटर रात्रभर चालला की वितळेपर्यंत मजल जाते. सॉकेट २३० व्होल्टचं १६ अँपिअरचं असेल तर ३६८० वॅट मिळतात, १२० व्होल्टचं ३० अँपिअरचं असेल तर ३६००, म्हणजे कुठेही गेलात तरी हिशोब साधारण तोच की हीटर आणि किटली एकदम लावली की फट. आमच्याकडे नियम आहे, किटली लावणारा आधी ओरडून सांगतो.

आणि एक गोष्ट जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. वीज जोडली की अर्थिंगच्या तारेतून तुमची बोट शेजारच्या सगळ्या बोटींना जोडली जाते, सगळे मिळून पाण्यात बुडवलेली एक मोठी बॅटरी होते आणि कमकुवत धातू झिजायला लागतो. तो तुमचा पंखा नसावा म्हणून बुडाला मुद्दाम झिजायला धातूचे तुकडे लावलेले असतात, ॲनोड म्हणतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे, ॲल्युमिनियमचे दोन्हीकडे बऱ्यापैकी चालतात. अर्धे झिजले की बदलायचे. अर्थिंगच्या तारेतून येणारा हा झिजवणारा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचा डबा मिळतो, तो बसवून घ्या, कायम जोडून राहणाऱ्या बोटीला तो हवाच.

बॅटऱ्यांचं थोडक्यात. साध्या लेड-ॲसिडच्या असतील तर चार्जर आणि बाकी सगळं बंद करून काही तासांनी मोजा, १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, त्याच्या खाली नेऊ नका, नेत राहिलात तर वर्षभरात नव्या घ्याव्या लागतील.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारा-खिडकीतून जाईल अशी आशा असते, बोटीत तो उतरून बिल्जमध्ये जाऊन बसतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलिंडर बाहेर, ज्या कप्प्याचं तळाचं भोक थेट समुद्रात उघडतं अशा कप्प्यात ठेवायचा आणि स्वयंपाक झाला की शेगडीवर न थांबता सिलिंडरवर बंद करायचा. गॅसचा अलार्म खाली तळाशी लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तो झोपायच्या जागेत हवाच हवा, कारण त्या वायूला रंग नाही वास नाही आणि तो शेजारच्या बोटीच्या जनरेटरमधून तुमच्या खिडकीत येऊ शकतो.

दमटपणा. यावर मी तासभर बोलू शकते. लोकांना वाटतं बोटीतली ओल समुद्रामुळे, पण बरीचशी ओल आपणच तयार करतो. श्वास, ओले कपडे, आंघोळ आणि मुख्य म्हणजे गॅस, १ किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत जातं, आणि ते रात्री थंड भिंतीवर, खिडकीच्या फ्रेमवर आणि तुमच्या गादीच्या खाली जाऊन बसतं. पहिल्या हिवाळ्यात मी गादी उचलली तर खालून हिरवी. तेव्हापासून गादीखाली लाकडी पट्ट्या टाकल्यात, हवा खेळली पाहिजे. भांड्यावर झाकण, शिजवताना वरची झडप बोटभर उघडी, थंडी वाजली तरी. कपाटांची दारं दिवसा उघडी टाकायची आणि कपडे बोटीच्या थंड भिंतीला चिकटू द्यायचे नाहीत. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, घ्याल तर थंड ठिकाणी कॉम्प्रेसरवाला घेऊ नका, १५ अंशाच्या खाली तो दमतो, डेसिकंटवाला, म्हणजे ओल शोषणारा पदार्थ वापरणारा, थंडीतही काम करतो, वीज जास्त खातो पण बोट उबदारही करतो. खिडक्या बंद ठेवूनच चालवायचा, नाहीतर अख्ख्या समुद्राची हवा वाळवत बसेल.

टॉयलेट. नियम एकच, जे आधी खाल्लेलं नाही ते त्यात टाकायचं नाही. पाहुण्यांना हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा, लाजू नका, कारण तुंबलं तर पाहुणे निघून जातात आणि तुम्ही हातमोजे घालून बसता. मरीनात सगळं होल्डिंग टँकमध्येच, म्हणजे बोटीवरच्या मैल्याच्या टाकीतच, जायला हवं, भरला की पंप-आउटच्या, म्हणजे मैला उपसून घेण्याच्या, जागी जाऊन रिकामा करायचा. समुद्राचं पाणी आणि लघवी मिळून पाईपच्या आत दगडासारखा थर जमतो, म्हणून पंप जरा जास्त वेळ मारा, शेवटचं पाणी पाईपमध्ये थांबू देऊ नका, आणि अधूनमधून व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवा. रात्री काठावर उभं राहून काम उरकणाऱ्या पुरुष मंडळींनो, तुम्ही सोय बघता, पण घसरून पाण्यात पडायची ती अगदी हुकमी वेळ असते.

पाणी भरताना डेकवरचं झाकण दोनदा वाचा. पाणी आणि डिझेलची झाकणं सारखीच दिसतात आणि चूक सगळ्यांनाच करायची असते असं दिसतं. प्यायच्या पाण्याचा पाईप स्वतःचा वेगळा ठेवा, नळ मिनिटभर वाहू द्या मगच टाकीत घाला. धक्क्यावर पडलेला पाईप कोणी कशाला वापरला असेल सांगता येत नाही. बरं, १ लिटर म्हणजे १ किलो, ३०० लिटरची टाकी एका बाजूला असेल तर भरल्यावर बोट कलंडलेली वाटेल, घाबरू नका, जड सामान दुसरीकडे सरकवा. सामानावरून आठवलं, पुठ्ठ्याचे खोके आत आणू नका, खोबणीत झुरळांची अंडी येतात. धक्क्यावरच उघडा.

बोट धक्क्याला बांधणारे दोर रोज बघायचे, पुढचा, मागचा आणि दोन तिरपे स्प्रिंग जे बोटीला पुढेमागे सरकू देत नाहीत. धक्का तरंगता असेल तर भरती-ओहोटीला तो बोटीबरोबरच वरखाली होतो, पक्का धक्का असेल तर मात्र दोर ढिले ठेवावे लागतात नाहीतर ओहोटीला बोट टांगली जाईल. दोर जिथे घासतो तिथे जुन्या पाईपचा तुकडा चढवा. आणि शिडाची बोट असेल तर डोलकाठीवर आपटणारे दोर बाजूला ओढून बांधा. वाऱ्याच्या रात्री ते टण टण टण वाजतात, तुम्हाला सवय होते, शेजाऱ्यांना होत नाही.

शेजाऱ्यांकडे आलेच शेवटी. मरीनात भिंती नसतात, दोन बोटींच्या मध्ये दोन फेंडर, म्हणजे आदळू नये म्हणून टांगलेले फुगे, असतात बस. दुसऱ्याच्या बोटीवर न विचारता पाय ठेवायचा नाही, बाजूला ठक ठक करायचं आणि नाव घेऊन हाक मारायची. बोटी एकमेकींना बांधलेल्या असतील तर पलीकडे जाताना पुढच्या डेकवरून जायचं, मागे लोक जेवत-बसत असतात. सामानाची ट्रॉली वापरली की जागेवर, हा विषय वरवर छोटा आहे पण मी याच्यावरून दोन सभ्य माणसांना महिनाभर अबोला धरलेलं पाहिलंय.

कोणी बोट लावायला येत असेल तर हातातलं काम सोडून जा आणि आधी विचारा, कुठला दोर आधी हवाय? दोर हातात आला की जोर लावून ओढू नका, पुढचा दोर ओढलात की मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि सुकाणूवरच्या माणसाचा सगळा हिशोब चुकतो. क्लीटला, म्हणजे धक्क्यावरच्या दोर बांधायच्या खुंटीला, एक वळसा घालून धरून ठेवा, तो सांगेल तसं. आदळायला येणारी बोट पायाने थांबवायची नाही, टनावारी वजन असतं.

आणि मदत परत येतेच. आम्ही पंधरा दिवस बाहेर गेलो की शेजारच्या आजोबांकडे किल्ली असते, ते दोर आणि बिल्ज बघतात. जाताना सीकॉक बंद करते (डेकचं पावसाचं पाणी सोडणारे सोडून, ते बंद केले तर पाऊसच बोट भरतो), गॅस बंद, आणि कोणता स्विच कशाचा ते कागदावर लिहून टेबलावर ठेवते. किल्लीला बुचाचा गोळा लावा, साधी किल्ली पाण्यात पडली की गेलीच.

पाण्यात पडणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. खोल समुद्राची सगळ्यांना भीती असते, पण माणसं पडतात ती इथेच, रात्री, ओल्या धक्क्यावर, हातात पिशव्या असताना. १५ अंशाच्या खालच्या पाण्यात पडलं की पहिलं मिनिटभर श्वास आवरत नाही, तेव्हा पोहायची धडपड करू नका, तरंगत राहा, श्वास जागेवर आला की शिडीकडे जा. म्हणून जवळची शिडी कुठाय ते आजच बघून ठेवा आणि आपल्या बोटीची शिडी पाण्यातून हाताने खाली ओढता येते का तेही. दुसरं कोणी पडलं तर आधी खांबाची वीज बंद, मग दोर किंवा रिंग फेका, उडी मारू नका, खास करून गोड्या पाण्यात, तिथे एखाद्या बोटीतून गळणारा करंट पोहणाऱ्याला लुळं करतो. याच कारणाने मरीनात हौसेनेही पोहायचं नसतं.

बाकी झोपेचं सांगायचं राहिलं. गरम समुद्रात पहिल्या रात्री कानाशी चर्र चर्र असा आवाज येईल, तळणीचा वाटावा असा, तुम्हाला वाटेल वायर जळतेय किंवा पाणी शिरतंय. त्या छोट्या कोळंब्या असतात, पंजा फटकन मिटतात आणि तो आवाज बुडातून आत येतो. मी पहिल्या रात्री दोनदा उठून फळी उचलून बघितली होती. तळ कोरडा होता.