क्लस्टर अपग्रेड करताना ट्रॅफिक टेस्टिंगच्या या चुका टाळा: नुसत्या पिंगवर विसंबू नका

फायरवॉल क्लस्टर (एकमेकांची जागा घेऊ शकणारे दोन फायरवॉल, म्हणजेच नोड) अपग्रेड म्हटलं की बरेच जण एका विंडोत पिंग लावतात, फेलओव्हर मारतात (ट्रॅफिक एका नोडवरून दुसऱ्यावर टाकतात), दोन-तीनच पॅकेट हरवली की "झालं" म्हणतात आणि झोपायला मोकळे. मग सकाळी अ‍ॅपवाल्यांचा फोन.

पिंग खोटं बोलत नाही पण अर्धवट सांगतं. नव्या नोडच्या सेशन टेबलमध्ये त्याची नवीन एंट्री बनते आणि ते पुढे जातं. खरी कसोटी आधीपासून उघड्या असलेल्या टीसीपी कनेक्शनची. दोन नोडवर वेगळी व्हर्जन असताना सेशन सिंक (चालू कनेक्शनची माहिती दुसऱ्या नोडला देणं) होईलच असं नाही, कुठल्या व्हर्जनवरून कुठल्यावर जाताना होतं ते रिलीज नोट्समध्ये असतं, आधी वाचा. सिंक नसेल तर नवा नोड त्या कनेक्शनची मधलीच पॅकेट बघतो, ओळखत नाही, आणि बऱ्याचदा रीसेटसुद्धा न पाठवता गुपचूप टाकून देतो. लिनक्स सर्व्हर बिचारा डिफॉल्टला 15 वेळा तेच परत पाठवत बसतो, म्हणजे साधारण 15 मिनिटं अ‍ॅप लटकलं. कनेक्शन नुसतंच रिकामं असेल (उघडं, पण डेटा जात नाही) तर कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते विचारणारी सोय) चालू असूनही पहिला प्रोब 7200 सेकंदांनी जातो, 2 तास! तोवर तुम्ही चेंजचं तिकीट क्लोज केलेलं असतं.

म्हणून फेलओव्हरच्या आधीच एक एसएसएच उघडा, एक मोठी फाइल कॉपीला लावा, डेटाबेसचं एक कनेक्शन रिकामं ठेवा आणि शेजारी दर सेकंदाला नवीन कनेक्शन मारणारा कर्लचा लूप, टाइमस्टॅम्पसकट. जुनी मेली पण नवीन लागतायत, तर सिंक बघा. जुनी टिकली आणि नवीन लागत नाहीत, तर पॉलिसी नाहीतर नॅट (पत्ते बदलणारे नियम) बघा. दोन्ही मेली तर आधी स्विचवर जाऊन मॅक (हार्डवेअर पत्ता) कुठल्या पोर्टवर दिसतोय ते बघा, अजून जुन्याच नोडकडे असू शकतो. (पिंगच करायचं असेल तर निदान 1472 बाइटचं, फ्रॅगमेंट न करण्याचा बिट लावून करा, 1500 चा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) तरी तपासला जाईल.)

अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्ह (दोन्ही नोड एकाच वेळी ट्रॅफिक घेतात) असेल तर अजून एक गंमत, एकच फ्लो हॅशमुळे (पत्ते आणि पोर्टवरून मेंबर ठरवणारं गणित) एकाच मेंबरवर जातो, तुम्ही तासभर टेस्ट कराल ती नेमकी त्याच नोडची ज्याला हातही लावलेला नाही. सोर्स पोर्ट बदलत भरपूर कनेक्शन मारा आणि दोन्हीकडचे काउंटर वाढतायत का बघा.

पॅकेट कॅप्चर (जाणारी पॅकेट टिपणं) सुरू करताना फिल्टर आणि पॅकेटची मर्यादा लावल्याशिवाय करू नका, भरलेल्या बॉक्सवर सीपीयू खातं. आणि टीसीपीडम्पच्या कॅप्चरमध्ये काही दिसलं नाही म्हणजे ट्रॅफिक नाही असंही नाही, हार्डवेअर ऑफलोड झालेली (सीपीयूऐवजी चिपनेच पुढे पाठवलेली) पॅकेट तिथे येतच नाहीत. आयपर्फ (लिंकचा वेग मोजणारं टूल) चालू लिंकवर मोकळं सोडू नका, टीसीपीला डिफॉल्टला काही लिमिट नसतं, मिळेल तेवढी लिंक भरून टाकेल.

प्रीएम्प्ट (ठरलेला नोड परत आला की आपोआप अ‍ॅक्टिव्ह होण्याची सेटिंग) आधी बंद करा. नाहीतर रीबूट झालेला नोड टेस्टच्या मधेच परत अ‍ॅक्टिव्ह होतो आणि कुठला रिझल्ट कुठल्या व्हर्जनचा हेच कळत नाही. दुसऱ्या नोडला टेस्ट पूर्ण होईपर्यंत हात लावू नका, मागे फिरायला तेवढाच रस्ता आहे. तोही अपग्रेड झाला की परत एकदा फेलओव्हर करून हीच सगळी टेस्ट त्याच्यावर घ्या.