मूल गमावलेल्या आईची ख्रिस्ती कथा लिहिताय? मग या चुका टाळा

आमच्या मिरजेत नाताळच्या दोन महिने आधी माझ्याकडं कथा यायला लागतात, कारण मंडळीच्या (म्हंजे आमच्या चर्चच्या) छोट्या अंकाचं वाचायचं-दुरुस्त करायचं काम कधीतरी माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. त्यात दरवर्षी एखादी तरी मूल गेल्याची कथा असते. सुरुवात चांगली असते हो, पण पाचव्या पानाला पाळकसाहेब, म्हंजे चर्चचे धर्मगुरू, घरी येतात, चहा घेतात, बायबलातलं एक वचन वाचतात, आई रडते आणि "तिला एकाएकी अवर्णनीय शांती लाभली". संपली कथा.

मी हसत नाहीये, माझी पहिली कथा अगदी अश्शीच होती. आमच्या थोरल्या जाऊबाईंना वाचायला दिली. त्यांचा मुलगा दुसरीत असताना गेलाय. त्यांनी शेवटपर्यंत वाचली, कागद नीट घडी घालून परत दिले आणि म्हणाल्या, "छान लिहिलंयस गं, पण ही बाई रात्री झोपती कशी?" आणि भाकरी थापायला गेल्या. बास, एवढंच.

त्यानंतर मला कळलं की आपण आईची गोष्ट लिहितच नव्हतो, आपण देवाची वकिली करत होतो. ही सगळ्यात मोठी चूक आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटातून येतात. वाचकाला देवाचा राग येईल की काय ह्या भीतीनं आपण पाळक, सासू, शेजारीण, झालंच तर डॉक्टर, सगळ्यांना देवाच्या बाजूनं बोलायला उभं करतो आणि आई एकटी पडते. तुमची कथा अडलीय असं वाटत असेल तर एक करून बघा, पाळकसाहेबांचं सगळं भाषण खोडा, त्यांना नुसतं बसू द्या. बायबलातला ईयोब, मुलंबाळं-गुरंढोरं सगळं गमावलेला माणूस, त्याच्या मित्रांनी केलेली एकमेव चांगली गोष्ट तीच आहे, सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. नंतर तोंड उघडलं तिथंच बिघडलं की सगळं.

आता वचनांचं. लोक वचन टाकताना आजूबाजूचं वाचत नाहीत. बाळ गेल्यावरचं दावीद राजाचं वाक्य फार येतं, मी त्याच्याकडं जाईन पण तो माझ्याकडं परत येणार नाही, २ शमुवेल १२. वाक्य सुंदर आहे, वादच नाही. पण त्याच अध्यायात वर नाथान संदेष्टा स्पष्ट सांगतोय की हे मूल दाविदाच्या पापामुळं मरणार! म्हंजे जी आई आधीच "माझ्यामुळंच गेलं" म्हणून जळतीय तिच्या हातात तुम्ही हा अध्याय देताय, आणि ती बायबल वाचणारी बाई आहे, ती वरचं वाचणारच. हे मुद्दाम वापरलं तर जबरदस्त प्रसंग होईल, तिनं रात्री पान मागं उलटलं आणि नाथान सापडला. नकळत वापरलं तर घोळ. त्याला उत्तर हवं असेल तर योहान ९ आहे, तिथं एका जन्मांध माणसाकडं बघून शिष्य विचारतात पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं, आणि येशू म्हणतो कुणाचंच नाही. पण तेही लगेच पुढच्या परिच्छेदात नको, चाळीस पानं जाऊ द्या मधे.

दुसरं एक, ईयोबाचा शेवट दाखवून "देव दुप्पट देतो" म्हणणारे. जरा मोजा की. मेंढ्या सात हजाराच्या चौदा हजार झाल्या, उंट तीन हजाराचे सहा हजार, बैलं-गाढवं पण दुप्पट. मुलं? आधी सात मुलगे तीन मुली, नंतरही सात मुलगे तीन मुली. दुप्पट नाहीत. का, ह्यावर लोकांनी बरंच लिहिलंय, मला एवढंच दिसतं की लिहिणाऱ्यानं मुलांना गुरांच्या हिशेबात धरलं नाही. म्हणून शेवटी नवीन बाळ आणून कथा गोड करू नका. तसंच पांढऱ्या कपड्यातलं मूल स्वप्नात येऊन "आई मी खूश आहे" म्हणतं तेही आता पुरे.

अपराधाची भावना लिहिताना सगळ्यात जास्त गफलत होते. लेखकाला वाटतं अपराध मोठा पाहिजे, बाप दारू पिऊन गाडी चालवत होता वगैरे. अरे मग तो खरोखरचा गुन्हा झाला, त्यात मनाची गुंतागुंत कुठं उरली? आईला जे खातं ते एवढंसं असतं. एका कथेवर मी बराच खल केला होता, २०१९ च्या पुराची, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हाची (धोक्याची पातळी ४५ फूट). लिहिणाऱ्या मुलीनं पोर पुरात वाहून जातं असं दाखवलेलं. मी म्हटलं, पोर वाचू दे. बोटीत आधी सासूला बसवलं, जागा संपली, म्हणून पोराला कमरेएवढ्या पाण्यातनं खांद्यावर घेऊन चालली, आणि पूर ओसरल्यावर महिन्याभरानं ते पोर भलत्याच आजारानं गेलं. डॉक्टर सांगतात पाण्याचा काही संबंध नाही. तिला पटत नाही, आणि सासू तर समोरच बसलेली असते रोज, जिवंत! आता लिहा. तिनं लिहिलं, आणि कथा उभी राहिली.

बरं, ही आई मन मोकळं कुठं करते? हमखास चूक, ती फादरकडं जाऊन जाळीआड कबुली देते. हे सिनेमातनं आलंय. इकडच्या बऱ्याच मंडळ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वळणाच्या, म्हंजे प्रोटेस्टंट, १८९४ साली डॉ. वानलेसांनी मिरजेत दवाखाना काढला तेच मिशन. आमच्याकडं पाळक, उपासना, प्रभुभोजन असतं. फादर, मिस्सा, जपमाळ हे कॅथलिकांकडं, वसईचं पात्र असेल तर जरूर घ्या. आमच्या उपासनेत पापाची कबुली सगळे मिळून एका सुरात म्हणतात, त्यात "मी त्याला त्या दिवशी शाळेत जाताना ओरडले" हे कुठं बसणार सांगा. म्हणून तिला दुसरी जागा शोधावी लागते. धुण्याच्या दगडावर, हळद निवडताना, तासगावच्या एसटीत शेजारच्या अनोळखी बाईला. लेखकाला हा केवढा फायदा आहे बघा, कबुलीची खोली नाही म्हटल्यावर सगळं घरच कबुलीची खोली होतं.

आणि "आत्म्यास शांती लाभो", तेरावा वगैरे सवयीनं लिहून जातात, तेही तपासा. आपल्यात "प्रभूमध्ये निजला" म्हणतात, कबरस्तानातनं आल्यावर सांत्वनाची प्रार्थना होते.

काम सुरू केलं म्हणजे बाई बरी झाली असं पण धरू नका. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ ला गेली आणि त्या स्वतः १९२२ च्या एप्रिलमध्ये, हातात बायबलच्या भाषांतराचं एवढं मोठं काम. त्या मधल्या महिन्यांत काम चालू होतं म्हणून दुःख संपलं होतं असं कोण म्हणेल? स्तोत्र ८८ तर अंधारावरच संपतं, पुढं आशेची एक ओळ नाही, तरी ते बायबलात आहेच ना.

राहिला बाप. आपल्या कथांत तो दारात उभा असतो नाहीतर कारखान्याच्या शिफ्टला गेलेला असतो, बस्स. मी पण तेच केलं होतं. कथा परत लिहिली तेव्हा त्यात असं होतं की आई सहा महिने सवयीनं मुलाचा शाळेचा डबा भरत राहते आणि मग एक दिवस थांबते. जाऊबाईंनी ह्या वेळी पेन्सिल मागितली. सहा महिने खोडलं आणि म्हणाल्या, "मी पुढच्या जूनपर्यंत भरला. आणि तुझे भावजी तोच डबा घेऊन ड्युटीला जायचे. एवढुसा डबा तो, दोन पोळ्या पण नीट मावत नव्हत्या. दुसरा द्या असं म्हणाले नाहीत कधी."