घोड्याच्या मापाचे खोगीर आणि बिट कसे निवडावे

सारंगखेड्याच्या बाजारात मारवाडी किंवा काठियावाडी घोडा घेणारा माणूस त्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे, चाल आणि दात बारकाईने पाहतो. खोगीर-लगामाचे सामान मात्र बहुधा नक्षी आणि किंमत पाहून घेतले जाते. पाठीला लागणारे खोगीर घोड्याला अडेल बनवते आणि मग दोष त्याच्या स्वभावाला दिला जातो.

प्रथम घोडा सपाट जमिनीवर उभा करून पाठीवरून हात फिरवावा. सूज किंवा जखम असल्यास ती बरी होईपर्यंत खोगीर चढवू नये. गडद अंगावर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर तिथे पूर्वी खोगीर लागले असण्याची शक्यता मोठी असते.

नंतर खाली नमदा (खोगिराखाली घालायची लोकरीची गादी) न घालता खोगीर किंचित पुढे ठेवून मागे सरकवावे आणि ते आपसूक थांबेल तिथे राहू द्यावे. त्याचा सांगाडा खांद्याच्या हाडामागे यावा आणि भार शेवटच्या बरगडीपलीकडे जाऊ नये. मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर दोन-तीन बोटांची पोकळी हवी, आणि स्वार बसल्यावरही खोगीर मणक्याला कुठेच टेकता कामा नये. दोन्ही गाद्यांखालून पुढून मागे हात घालून पाहावा. दाब सर्वत्र सारखा लागला पाहिजे. आपल्याकडच्या अनेक घोड्यांची पाठ अरुंद असते आणि रुंद खोगीर तिच्यावर खाली बसते. त्यावर जाड नमद्याचा उपाय टिकत नाही, आणि खोगीर मुळात अरुंद असेल तर नमद्याने ते अधिकच आवळते. खरी परीक्षा रपेटीनंतर होते: खोगीर काढल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब जास्त पडतो किंवा खोगीर टेकतच नाही, हे हाताने तपासावे.

बिट म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात बसणारा दांडा. ते निवडण्यापूर्वी पशुवैद्याकडून दात तपासून घ्यावेत. ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजून त्याहून सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटर लांब बिट घ्यावे. लहान असल्यास ओठ चिमटतात, फार लांब असल्यास ते तोंडात सरकत राहते. जाड बिट सौम्य मानले जाते, पण लहान तोंडात आणि जाड जिभेवर त्याला जागाच उरत नाही, म्हणून जबडा उघडून पाहिल्याशिवाय ठरवू नये. काटेरी बिट तर कधीच वापरू नये. जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनी त्यावर बंदी घातलेली आहे, आणि दुखावलेले तोंड लगामाचा सूक्ष्म इशारा ऐकूच शकत नाही.

लगाम चढवल्यावर ओठांच्या कोपऱ्याशी एखाद-दुसरी सुरकुती दिसावी, गळपट्ट्यात चार बोटे आडवी जावीत आणि कपाळपट्टी कानांच्या मुळाशी रुतू नये. तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा, एकदम न आवळता टप्प्याटप्प्याने आवळावा.

माथेरानसारख्या ठिकाणी पावसाळ्यात काम कमी झाले की घोड्याची पाठ भरते किंवा उतरते, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला जुनेच खोगीर असले तरी ही तपासणी पुन्हा करावी.